काकूंची आत्या

रिटायर झालेल्या माणसाने एक वेळ कुत्रा पाळावा, पण स्कॅनर घेऊ नये. मी घेतला. आपले जुने अल्बम कॉम्प्युटरवर चढवायचे आणि मोकळं व्हायचं, एवढाच माझा बेत होता. पण अमेरिकेत आमच्या श्रूजबरीतल्या मराठी घरांत बातमी पसरायला एक हळदीकुंकू पुरतं. बायको तिथे सहज बोलून गेली आणि महिनाभरात आमच्या जेवणाच्या टेबलावर दुसऱ्यांची चार लग्नं, दोन मुंजी आणि एक साठीशांत येऊन पडली. आम्ही दोघं किचनच्या काउंटरशी उभ्याने जेवायला लागलो. बायकोच्या कपाळावर आठ्या होत्या, पण चूक तिच्याच तोंडाची असल्यामुळे तिला फार बोलता येत नव्हतं.

सगळ्यात शेवटी आला तो शेजारच्या काकूंचा खोका. या काकू म्हणजे पक्क्या अमेरिकन. वय शहाऐंशी, चाळीस वर्षं शाळेत शिकवलेलं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, पण आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नाही. त्यामुळे पंचवीस वर्षं शेजारी राहून मी त्यांना कसलीच हाक मारलेली नाही, ‘एक्सक्यूज मी’वर भागवलंय. आमच्या घरात मात्र त्या काकू.

काकूंनी घर विकायला काढलं होतं. मे महिन्यात त्या एका वृद्धनिवासात राहायला जाणार होत्या. तिथे त्यांच्या वाट्याला एक खोली. “सगळं तर नेता येणार नाही,” त्या म्हणाल्या, “पण तुमच्या त्या मशीनमधून गेलं तर ते माझ्याबरोबर येईल ना?” मार्च महिना होता, ड्राइव्हवेच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग होते आणि काकू शर्टाचा एक जुना पुठ्ठ्याचा खोका छातीशी धरून आमच्या दारात उभ्या होत्या. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

खोक्यात त्यांच्या वडिलांकडची माणसं होती, शंभरेक वर्षांपूर्वीची. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले तपकिरी फोटो. मी माणसं बघायला बसलो होतो, पण दोन दिवसांत माझं सगळं लक्ष मुलग्यांच्या कपड्यांत अडकलं. एवढी एवढी पोरं आणि अंगावर काय काय! कुणाला खलाशासारखा सदरा, पाठीवर मोठी चौकोनी कॉलर, पुढे काळ्या रेशमी रुमालाची गाठ. समुद्र इथून गाडीने तासाभरावर, आणि तेव्हा या पोरांतल्या निम्म्यांनी तो पाहिलाही नसेल. कुणाला गुडघ्यापाशी आवळलेली तुमान आणि तिच्याखाली काळे लोकरी मोजे. घोट्याच्या वर जाणारे बूट, आणि त्यांना नाडी नाही, ओळीने बटणं. एका बुटाची बटणं मी स्कॅन मोठा करून मोजली. नऊ. म्हणजे दोन पायांची अठरा. घरात तीन मुलगे असले तर त्या माउलीची सकाळ बटणांतच जात असणार.

एका फोटोत तीन भाऊ एकाच कापडाचे कोट घालून ओळीने उभे होते. तो बघून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आम्हीही चार भाऊ. दिवाळीला वडील एकच तागा आणायचे, चौघांचे शर्ट त्यातून निघायचे आणि उरलेल्या कापडाचे उशांचे अभ्रे व्हायचे. झोपलं की कोण माणूस आणि कोण उशी ते कळायचं नाही. या तिघांतल्या धाकट्याच्या कोटाच्या बाह्या पार बोटांवर आल्या होत्या. ‘वाढत्या अंगाचं’ शिवून घ्यायची अक्कल फक्त आपल्याच लोकांना आहे असा माझा समज होता, तो त्या दिवशी गेला.

“अहो, तुम्हाला स्कॅन करायला दिलेत, परीक्षा घ्यायला नाही,” बायको म्हणाली. पण मला राहवत नाही. नको तिथे नाक खुपसायची मला खोडच आहे. दर दोन दिवसांनी एखादा फोटो घेऊन मी काकूंकडे जायचो. हा कोण, ही टोपी कसली, हे मोजे वर कसे राहायचे? त्यांचं घर अर्धंअधिक खोक्यांत गेलं होतं. त्या त्यांच्या पद्धतीचा चहा करायच्या, म्हणजे आपल्या दृष्टीने गरम पाणी, आणि शाळेतल्या बाईंच्या आवाजात सगळं नीट सांगायच्या.

असाच एकदा मी एक फोटो पुढे केला. चारेक वर्षांचं मूल, झालरीचा पांढरा फ्रॉक, खांद्यावर आलेले कुरळे केस, एक हात नक्षीच्या खुर्चीवर. खोक्यातला सगळ्यात देखणा फोटो होता तो.

“ही गोड मुलगी कोण?”

काकूंनी फोटो माझ्या हातातून घेतला. मग म्हणाल्या, “माझी आत्या. वडिलांची बहीण. लहानपणीच गेली.”

आणि मग हळूहळू सगळंच बाहेर आलं. काकू पाच वर्षांच्या असताना त्यांचे वडील आजारपणात गेले. आईने दुसरं लग्न केलं. नव्या घरात पहिल्या नवऱ्याचं नाव काढायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी काढत नव्हतं. त्यांचे फोटो कुठे गेले तेही कुणाला माहीत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र काकूंना वडिलांच्या आईकडे पाठवायचे. तिथे नऊ वर्षांच्या असताना त्यांना एका ड्रॉवरमध्ये हा फोटो मिळाला. काकूंनी तो उलटा करून मला दाखवला. मागे पेन्सिलीने एकच ओळ होती, ‘लास्ट डे इन ड्रेसेस’.

“ड्रेसमधला शेवटचा दिवस,” काकू म्हणाल्या. “मी नऊ वर्षांची होते, पण मला लगेच कळलं. दुसऱ्या दिवशी ती गेली असणार. आजीला विचारायचा धीर झाला नाही. आजीच्या भिंतीवर माझ्या वडिलांचा लहानपणचा एक फोटो होता. त्यात त्यांचे डोळे रडून सुजलेत. ते का रडत होते, तेही मला त्याच दिवशी समजलं.”

तो भिंतीवरचा फोटो आता काकूंच्या हॉलमध्ये होता, आजीच्याच फ्रेममध्ये. खलाशाचा सदरा, गुडघ्यापर्यंत चड्डी, काळे मोजे, बारीक कापलेले केस. ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळे खरोखरच सुजलेले.

“वडिलांचा हा एकच फोटो आहे माझ्याकडे,” काकू म्हणाल्या. “मला त्यांचा चेहरा आठवत नाही. कोटाचा वास आठवतो. बाकी माझे वडील म्हणजे हा मुलगा, ज्याची बहीण गेली. मोठेपणी ते कधी हसले असतील असं मला वाटतच नाही.”

मग त्यांनी मला दगडाचं सांगितलं. त्या आत्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं. गावच्या दफ्तरात दोनदा शोध घेऊनही सापडलं नव्हतं. “मी गेले की ही मुलगी होऊन गेली हे माहीत असणारं जगात कुणी उरणार नाही,” त्या म्हणाल्या. म्हणून त्यांनी एक छोटा दगड करायला सांगितला होता. त्यावर फक्त ‘बहीण’ एवढंच कोरायचं. बर्फ वितळून जमीन मऊ झाली की तो वडिलांच्या थडग्याशेजारी बसवायचा आणि मग घर सोडायचं. मला अगदी गलबलून आलं. भिंतीवरचा फोटोही स्कॅन करून देतो म्हटलं आणि दोन्ही घेऊन घरी आलो.

बायको भाजी चिरत होती. मी तिला सगळं सांगितलं आणि मागची ओळ वाचून दाखवली. तिने विळीवरून मान वर न करता विचारलं, “शेवटचा दिवस म्हणजे? शाळेचा ड्रेस का?”

“अगं, चार वर्षांचं मूल आहे ते!”

“मग त्यात मरायचं काय आलं? ड्रेस बदलला असेल.”

मी तिला हसलो. तीस वर्षं या देशात काढूनही बायकोचा ड्रेस नागपूरचाच राहिलाय. तिच्या लेखी शाळेचा गणवेश म्हणजे ड्रेस, दिवाळीचे नवे कपडे म्हणजे ड्रेस, बँडवाल्यांच्या अंगावर असतो तोही ड्रेसच. आमच्या अमेरिकन जावयाला ती थँक्सगिव्हिंगला “व्हेरी नाइस ड्रेस” म्हणाली, तेव्हा तो बिचारा खाली वाकून स्वतःकडे बघायला लागला. इथे ड्रेस फक्त बायकामुलींचा असतो, हे मी तिला किती वेळा समजावलंय.

पण हसता हसता माझं मलाच काहीतरी टोचलं. काकू त्या ओळीत मरण वाचत होत्या, कारण ड्रेस म्हणजे मुलगी हे त्यांनी धरूनच चाललं होतं. बायकोने तसं काहीच धरलं नव्हतं. मी भिंग घेऊन पुन्हा फोटोला लागलो. मुलाचा भांग डाव्या बाजूला होता. खोक्यातल्या बाकी मुलींचे फोटो काढून बघितले. एकूण एक मुलीचा भांग मधोमध, वर भली मोठी रिबीन. हिला रिबीन नाही. ही ‘ही’ नव्हतीच!

आता हे मला पटायला वेळ लागला नाही, त्याला कारण आहे. माझाही असा फोटो आहे. चौथाही मुलगाच झाला तेव्हा आईने माझ्यावर हौस भागवून घेतली. जावळ काढायच्या आधी मावशीच्या मुलीचा फ्रॉक घातला, केसांच्या दोन शेंड्या बांधल्या, गालाला तीट लावली आणि स्टुडिओत नेऊन उभं केलं. पुढे मला बहीण झाली, पण तोवर फोटो निघून गेला होता. आमच्या लेकीने लहानपणी अल्बममध्ये बोट ठेवून विचारलं होतं, “बाबा, हू इज दिस गर्ल?” मी चुलतबहीण म्हणून सांगितलं होतं.

त्यामुळे मी लगेच निकाल लावला की काकूंच्या आजीलाही मुलगीच हवी होती. चपला घालून मी निघालोच होतो, पण बायकोने दारात अडवलं. “कुणाच्या मेलेल्या माणसाबद्दल असं अंदाजाने बोलू नका. आधी लेकीला विचारा.” लेक ॲन आर्बरला विद्यापीठाच्या लायब्ररीत काम करते. जुनी कागदपत्रं हाच तिचा धंदा. व्हिडिओ कॉलवर तिला फोटो दाखवला.

“बाबा, इट्स अ बॉय, ऑफ कोर्स,” ती म्हणाली.

“म्हणजे आईला मुलगी हवी होती ना?”

“नो, नो. तेव्हा सगळेच लिटल बॉइज ड्रेसेस घालायचे. लंगोट बदलायला इझी म्हणून. मग चार-पाच वर्षांचे झाले की एक दिवस हेअरकट करायचे, फर्स्ट पँट्स घालायचे. इट वॉज अ बिग डील. फोटो काढायचे, बिफोर अँड आफ्टर.”

“म्हणजे जावळासारखं?”

“काइंड ऑफ. जावळ प्लस पँट.” मग ती जरा थांबली आणि गालात हसत म्हणाली, “सगळेच, बाबा. नॉट जस्ट यू.”

तिला माहीत होतं तर! किती वर्षांपासून, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

फोन ठेवून मी भिंतीवरच्या फोटोची फ्रेम उघडली. मागच्या खिळ्यांना गंज चढला होता, कागद हात लावताच सुटून आला. हा फोटो आजीच्या भिंतीवरून काकूंच्या भिंतीवर आला तो तसाच, पाठ कुणी पाहिलीच नव्हती. पुठ्ठ्यावर त्याच हाताने, तशाच पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘अँड द नेक्स्ट डे’. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. खुर्ची तीच होती, तिच्या हाताला एकाच ठिकाणी टवका उडालेला. गालिचा तोच. आणि केसांकडे न बघता नुसतं तोंड पाहिलं, तर मूलही तेच.

पहिल्या दिवशी फ्रॉक आणि कुरळे केस. दुसऱ्या दिवशी चड्डी आणि सुजलेले डोळे. ते डोळे मला ओळखीचे होते. भाच्याचं जावळ मामा म्हणून माझ्याच मांडीवर झालं होतं. त्याने अशी बोंब ठोकली होती की न्हावीही घाबरला, आणि नंतर हुंदके देत बसला होता तो अगदी याच चेहऱ्याने. काकूंचे वडील बहिणीसाठी रडत नव्हते. त्यांना बहीणच नव्हती.

आधी मला शोध लावल्याचा आनंद झाला. तो दहा मिनिटं टिकला. मग लक्षात आलं की हे काकूंना सांगावं लागणार. त्यांनी जी मुलगी सत्त्याहत्तर वर्षं मनात सांभाळली, जिच्यासाठी दगड घडवायला टाकला, ती मी काढून घेणार. आणि एवढ्या शिकलेल्या बाईला हे कधीच कसं खटकलं नाही? पण मला वाटतं, नवव्या वर्षी जे कळतं ते आपण पुन्हा तपासून बघत नाही. ते तपासायचं असतं हेच लक्षात येत नाही.

घरात दोन पक्ष पडले. लेक म्हणाली, “बाबा, डोन्ट टेल हर. शी इज एटी-सिक्स. लेट हर हॅव हर आँट.” बायको म्हणाली, “नसलेल्या माणसाचा दगड बसवायचा का? उद्या त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं, आणि तुम्हाला माहीत होतं हेही कळलं तर?” मी आयुष्यभर नको तिथे बोलत आलोय, पण या वेळी मला खरंच भीती वाटली. तीन दिवस मी त्यांच्या दाराकडे फिरकलो नाही. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवतानाही इकडेतिकडे बघून ठेवला. ड्राइव्हवेच्या कडेचे ढीग वितळून त्यांचं पाणी रस्त्याने वाहत होतं.

चौथ्या दिवशी काकूंचाच फोन आला. दगड तयार होता, पुढच्या आठवड्यात बसवायला माणसं येणार होती. आम्ही दोघांनी त्या वेळी तिथे यावं अशी त्यांची इच्छा होती. आता मात्र माझा इलाज नव्हता. दोन्ही फोटो घेऊन मी गेलो, एका बंद खोक्यावर ते शेजारी-शेजारी ठेवले आणि सगळं सांगितलं. बायकोचा ड्रेससुद्धा सांगितला.

काकूंनी मला मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग चष्मा पुसला, भिंग घेतलं आणि वही तपासावी तसे दोन्ही फोटो तपासले. खुर्चीचा टवका पाहिला, गालिचा पाहिला, भांग पाहिला. दोन्ही उलटे करून अक्षर जुळवलं. मग ते सुलटे करून पुन्हा शेजारी-शेजारी ठेवले. मला वाटलं, लेकीचं ऐकायला हवं होतं.

“आय ॲम सॉरी,” मी म्हणालो.

त्यांनी ते ऐकलंच नाही. त्यांचं बोट खलाशाच्या सदऱ्यातल्या मुलावर होतं. “मग हा का रडतोय?”

“केसांसाठी.”

मी त्यांना भाच्याचं जावळ सांगितलं. मांडी, न्हावी, बोंब, सगळं साग्रसंगीत. दोन दिवस त्याने कुणाला डोक्याला हात लावू दिला नव्हता, तेही सांगितलं. काकू ऐकत होत्या आणि फोटोकडे बघत होत्या. आणि एकदम हसायला लागल्या. मी त्यांना पंचवीस वर्षांत इतकं हसताना पाहिलं नव्हतं. खोक्याला धरून हसल्या. “सत्त्याहत्तर वर्षं!” त्या म्हणाल्या. “सत्त्याहत्तर वर्षं मला या मुलाची दया येतेय, आणि हा केसांसाठी रडतोय!”

मग हसणं थांबलं. “म्हणजे याचं कुणी गेलं नव्हतं,” त्या सावकाश म्हणाल्या.

“नाही.”

“आणि केस काय, उगवले असतील.”

“महिन्याभरात,” मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्या रडत होत्या आणि काय करावं ते मला सुचत नव्हतं. आपल्याकडे असतो तर पाठीवर हात ठेवला असता, इथे तेवढाही धीर होत नाही. मलाही रडू आलं, ते लपवत नाही. थोड्या वेळाने त्यांनी तोंड पुसलं, फोन उचलला आणि दगडवाल्याचा नंबर लावला. ऑर्डर रद्द करायची आहे, त्या म्हणाल्या. पलीकडून त्याने बहुतेक विचारलं असावं की अक्षर चुकलं का, नाव बदलायचंय का. “नो,” काकू म्हणाल्या, “नो, नथिंग इज राँग. नोबडी डाइड.”

फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिथे आहे हे त्या विसरल्या असाव्यात. त्यांनी सुजलेल्या डोळ्यांचा तो फोटो हातात घेतला आणि बारीक कापलेल्या केसांवरून अंगठा फिरवला.

“नोबडी डाइड, स्वीटहार्ट,” त्या वडिलांना म्हणाल्या. “इट वॉज ओन्ली युअर हेअर.”